उंसाची ट्रॉली आणि इंजिनाचा पीळ

गळिताचा हंगाम सुरू झाला कीं बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील रस्त्यांवर माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या उंसाच्या वाहनांची रीघ लागते. बैलगाडी अजून दिसते. पण ट्रॅक्टर आणि त्याच्या पाठीमागें जोडलेल्या दोन ट्रॉल्या हें दृश्य नित्याचें. शहरांतून मोटार घेऊन आलेला गृहस्थ अशा जोडणीमागें अडकला म्हणजे त्रासून जातो. पन्नास घोड्यांचें इंजिन म्हणतात, मग हें मुंगीच्या पावलांनीं कां चालतें? आणि याच बारामतींत पियाज्जोच्या कारखान्यांत २०१२ पासून तयार होऊं लागलेली वेस्पा स्कूटर सुमारें दहाच घोड्यांची असून चौकांतून झपकन् निसटते, तें कसें?

याचा उलगडा होण्यासाठीं प्रथम पीळ आणि शक्ति यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. घट्ट बसलेला नट आंखूड पान्यानें सुटत नाहीं, लांब पान्यानें सुटतो. कारण जोर तोच असला तरी दांड्याची लांबी वाढली कीं पिळण्याचा परिणाम वाढतो. या पिळालाच यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात. पन्नास घोड्यांचें ट्रॅक्टरचें इंजिन मिनिटाला २१०० फेरे करीत असतां त्याचा पीळ किती असतो? एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १७ किलोचें वजन टांगल्यावर जेवढा पडेल, तेवढा. वेस्पाच्या इंजिनाचा पीळ याच मापानें जेमतेम एक किलोचा.

पीळ म्हणजे मात्र काम नव्हे. नट न हलतां पान्यावर दिवसभर लोंबकळलें तरी काम शून्य. काम किती झपाट्यानें होतें, हें शक्ति सांगते. ७५ किलोचें ओझें एका सेकंदांत एक मीटर वर उचलणें ही एक मेट्रिक अश्वशक्ति. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्यें सुरू झाला; त्यापूर्वीं या भागांतील बागाईत मोटेवर चाले, आणि मोट ओढणारी बैलजोडी सुमारें एका अश्वशक्तीचें काम करी असें धरण्यास हरकत नाहीं. इंजिनाचा पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार म्हणजेच त्याची शक्ति.

आतां गिअर. ट्रॅक्टरच्या खालच्या गिअरांत इंजिनाचे सुमारें २००० फेरे होतात तेव्हां मागचें चाक वीसच फेरे फिरतें. वेग शंभरांनीं घटला, म्हणून पीळ शंभरपट वाढला. सतराचे सतराशें झाले! घर्षणांत कांहीं गेलें, चाकाची त्रिज्या ६५ सेंटिमीटर धरली, तरी जमिनीवर सुमारें २२०० किलोची ओढ निघते. गिअरनें शक्ति मात्र कणभरहि वाढत नाहीं. उलट दातांच्या घासण्यांत थोडी खर्चच होते. गिअर हा मोड करून देणारा सराफ आहे: वेग घेऊन पीळ देतो आणि पीळ घेऊन वेग देतो, व आपली दलाली कापून घेतो.

“टॉर्कनें पिकअप, हॉर्सपॉवरनें वेग” असें वाहनवाले म्हणतात, तें म्हणूनच अर्धेंच खरें. गाडी पुढें ढकलते ती चाकाशीं उरलेली ओढ. आणि कोणत्याहि एका वेगाला ती ओढ जास्तींत जास्त किती असूं शकेल, हें शेवटीं शक्तीच ठरविते. भरलेल्या जोडणीचें एकूण वजन वीस टन धरूं. सपाट डांबरी रस्त्यावर नुसतें चालत राहण्यासच तिला सुमारें ४०० किलोची ओढ लागते. ताशीं १० किलोमीटर वेगाला इंजिन सुमारें ११५० किलो ओढ देऊं शकतें. म्हणजे वेग वाढविण्यास ७५० किलो शिल्लक. ताशीं २० किलोमीटरला तीच ओढ ५७० वर येते, शिल्लक १७०. वेग दुप्पट झाला तों वेग वाढण्याची गति चौथाईहून कमी झाली. त्यांत शंभर मीटरला तीन मीटरचा चढ आला तर आणखी ६०० किलो हवेत. मग ताशीं ११ किलोमीटरच्या वर जाणें अशक्यच. स्कूटरचा हिशेब अगदीं उलटा. स्वारासह तिचें वजन पावणेदोनशें-दोनशें किलो; टनामागें तिला पन्नास घोडे पडतात, या जोडणीला अडीच. शिवाय तिच्यांत दांत्यांच्या पायऱ्यांऐवजीं पट्टा आणि रुंद-अरुंद होणाऱ्या दोन पुल्या असल्यामुळें गिअर आपोआप व अखंड बदलत राहतो.

अंतिम शब्द मात्र इंजिनाचा नसून टायरचा असतो. २२०० किलोची ओढ तयार झाली तरी ट्रॅक्टरच स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. ओल्या शेतांत मागच्या चाकांवरील भाराच्या निम्मी पकडहि मिळणें कठीण. चाक जागच्या जागीं फिरून खड्डा पाडतें. पकड चांगली असेल तर दुसरेंच संकट: पुढचीं चाकें उचलूं लागतात, आणि उचललेल्या चाकांनीं सुकाणू चालत नाहीं.

आणि येथेंच हा विषय कुतूहलाचा राहत नाहीं. इंदापुरावरून पुणें-सोलापूर महामार्ग जातो. त्याची एका बाजूची दुपदरी वाट सात मीटर रुंद, आणि जोडणीची लांबी पंधरा मीटर धरली तर ती पुरती पार होण्यास २२ मीटर जावें लागतें. मध्येंच गिअर बदलावा तर क्लच दाबतांच ओढ तुटते व वीस टनांचें ओझें मंदावतें. म्हणून चालक खालच्या गिअरांतच, ताशीं ५ किलोमीटरनें, रस्ता ओलांडतो. त्याला १६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत ताशीं ८० किलोमीटरनें येणारी मोटार ३५० मीटर धांवते. रात्रीं मोटारीच्या खालच्या झोताचा उजेड याच्या चौथ्या हिश्श्याइतक्याहि अंतरावर नीट पोंचत नाहीं, आणि आडव्या उभ्या ट्रॉलीचा मागचा लाल दिवा बाजूनें येणाऱ्यास दिसतच नाहीं. त्याला दिसूं शकते ती ट्रॉलीच्या कुशीवर लावलेली चमकणारी पट्टी, ती लावलेली असेल आणि लोंबत्या वाढ्याखालीं झांकली गेली नसेल तर.