यंत्राचा दुभाषा

आई घाईत ‘ते जरा दे’ म्हणाली, तरी काय द्यावयाचे ते मुलास कळते. संगणकास असे अर्धे बोलणे समजत नाही. वीज आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणा तो जाणतो. त्या आपण १ आणि ० या अंकांनी लिहितो. अशा अंकांत मांडलेल्या आज्ञांस यंत्रभाषा म्हणतात.

प्रारंभी माणसांना आज्ञा याच भाषेत लिहाव्या लागत. एक अंक चुकला की सारे गणित फसे. अमेरिकेतील गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी यावर उपाय शोधला. वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे समूह त्यांनी फितीवर साठविले, प्रत्येकास खूण दिली आणि ते शोधून जोडण्याचे काम संगणकावरच सोपविले. १९५२ साली तयार झालेल्या या योजनेस त्यांनी ‘कंपायलर’, म्हणजे संकलन करणारा, असे नाव दिले. पुढे माणसास वाचता येईल अशा भाषेतील आज्ञा यंत्रास कळतील अशा रूपात उतरविणाऱ्या दुभाष्यास हेच नाव रूढ झाले.

वेबच्या पानांचा जन्म यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. ही पाने ज्या प्रोग्रॅमने दिसतात, त्यास ब्राउझर म्हणतात. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत ब्राउझरसाठी एका भाषेचे पहिले रूप सिद्ध केले. तीच पुढे जावास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्ध झाली.

ही भाषा सोयीची खरी. परंतु तिच्यात एक धोका आहे. समजा, ग्रंथालयाच्या पानावर कोणी ५ हा आकडा टंकला. तो ब्राउझरकडे संख्या म्हणून नव्हे, तर अक्षर म्हणून येतो. त्यात ३ मिळवा असे सांगितले, तर जावास्क्रिप्ट बेरीज न करता ५ पुढे ३ चिकटविते. आठ पुस्तकांची त्रेपन्न पुस्तके होतात, आणि कोणतीही सूचना मिळत नाही!

२०१२ साली मायक्रोसॉफ्ट या कंपनीने टाइपस्क्रिप्ट ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात ‘येथे संख्याच हवी’ असे आधी सांगून ठेवता येते. मग तेथे अक्षर आले, तर कंपायलर ती ओळ दाखवून चूक सांगतो. तपासणी झाल्यावर तो त्या मजकुराचे साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करतो. कारण ब्राउझरला तीच भाषा कळते. पुस्तक छापण्यापूर्वी मुद्रिते तपासणारा जे काम करतो, तसेच हे काम होय. चूक वाचकाच्या हाती जाण्याआधी लेखकाच्या हाती येते.

परंतु, विद्यार्थिमित्रांनो, या दुभाष्याचीही एक मर्यादा आहे. आठ पुस्तकांऐवजी आपण नऊ असे लिहिले, तर तो काहीच बोलणार नाही. नऊ हीसुद्धा संख्याच आहे! आज्ञेचे रूप शुद्ध आहे की नाही, एवढेच तो पाहतो. ती खरी आहे की नाही, हे पाहणे मात्र लिहिणाऱ्याचेच काम आहे.