महागात पडलेला स्वस्त गारवा

मोटारीतला एसी म्हणजे चैन, असं माझं अनेक वर्षांचं मत होतं. खानापुरात मास्तरकी केली ती आधी सायकलवरून, मग स्कूटरवरून. गाडी आली पन्नाशीच्या आसपास. एसी लावला की पेट्रोल जास्त जातं, म्हणून मी त्या बटणाला हातही लावत नसे. बाबांच्या आजारपणानं हे मत बदललं.

बाबांचं वय ऐंशी. २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांचं डायलिसिस सुरू झालं. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना बेळगावला न्यायचं, चार तास थांबायचं आणि भर दुपारी पंचवीसेक किलोमीटर परत यायचं. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ठाऊक असेल, पाणी मोजून द्यावं लागतं. मूत्रपिंडं काम करीत नाहीत, त्यामुळं प्यालेलं पाणी अंगातच साठतं. डॉक्टरांनी बाबांना दिवसाला एक लिटर ठरवून दिलेलं. चहा, आमटी, ताक सगळं त्यातच. अशा माणसाला तापलेल्या गाडीतून आणलं की तहान लागणारच, आणि पाणी मागितलं तर 'नाही' म्हणायची पाळी आपल्यावर येते.

२०२५ च्या एप्रिलमधला गुरुवार होता. मच्छे ओलांडलं आणि बॉनेटखालून खरखर ऐकू येऊ लागली. मग रबर जळल्यासारखा वास, आणि आत गरम वारा. एसी बंद केल्यावर गाडी नीट चालू लागली. बाबा म्हणाले, "काच खाली कर रे, काही मरत नाही मी." घरी पोचेपर्यंत त्यांचे ओठ सुकले होते. सौ.नं बर्फाचा एक लहानसा खडा चोखायला दिला.

एक्केचाळीस हजारांचा कागद

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये निदान झालं : कॉम्प्रेसर जाम. हातात एक्केचाळीस हजारांचा अंदाज आला. "एवढे कसे?" विचारलं, तर उत्तर मिळालं, "सर, पूर्ण सेट बदलावा लागतो." का, ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. अकरा वर्षांच्या गाडीवर एक्केचाळीस हजार घालायचे? पेन्शनवाल्याच्या पोटात गोळाच आला.

एका ओळखीच्यानं दुसरं गॅरेज सुचवलं. तिथं जुन्या गाडीतून काढलेला कॉम्प्रेसर बसवून, गॅस भरून साडेनऊ हजारांत काम झालं. संध्याकाळी गार वारा सुरू! साडेएकतीस हजार वाचवले म्हणून मी घरात दोन दिवस ऐट मिरवली. तेविसाव्या दिवशी पुन्हा तीच खरखर. "जुन्या मालाला गॅरंटी नसते, सर," म्हणून गॅरेजवाल्यानं हात झटकले.

मे महिना होता. डायलिसिसची वेळ बदलून मिळेना. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. तक्रार नाही. पण आरशातून त्यांच्याकडं बघताना माझे साडेएकतीस हजार मलाच टोचायचे.

शेवटी उद्यमबागेतल्या एका वयस्क मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी पायपा धुतल्या होत्या काय, सर?" मला काय ठाऊक! त्यांनी एक पाइप सोडवून आत पांढरं फडकं फिरवलं. बाहेर आलं ते करडं, चकाकणारं.

"हे बघा की सर. पहिला कॉम्प्रेसर झिजून मेला, त्याचा चुरा सगळीकडं गेला. त्यांनी काळीज बदललं, रगत तेच ठेवलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्रेसर गॅस दाबून पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथं गॅस निवून द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. पुढं एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो डॅशबोर्डमागच्या जाळीत सुटतो आणि हवा गार करतो. कॉम्प्रेसरचं तेल या गॅसबरोबरच सगळीकडं फिरतं. म्हणून आतला धातू झिजला की त्याचा कीस तेलाबरोबर सगळीकडं पोचतो आणि नव्या कॉम्प्रेसरलाही खातो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक की धुऊन साफ होत नाहीत, तो बदलावाच लागतो. ड्रायरही बदलायचा, कारण एकदा लाइन उघडली की तो बाहेरच्या हवेतला ओलावा पिऊन बसतो.

हिशेब

माझं बिल असं झालं : नवा कॉम्प्रेसर १७,८००, कंडेन्सर ४,९००, व्हॉल्व्ह १,४५०, ड्रायर ८५०, तेल, रिंगा आणि पाइप धुणं १,३००, गॅस १,६००, मजुरी २,५००. एकूण ३०,४००. त्यात आधीचे वाया गेलेले ९,५०० धरले की ३९,९००. म्हणजे एवढा खटाटोप करून मी वाचवले अकराशे रुपये, आणि बाबांना भोगायला लावला भर उन्हाळा. सर्व्हिस सेंटरचा 'पूर्ण सेट' खोटा नव्हता. तो का लागतो, एवढं फडक्यानिशी कुणी दाखवलं असतं तर मी त्याच दिवशी मिस्त्री शोधला असता.

वाचकहो, माझ्या ठेचेतून तुम्ही शहाणे व्हा. एसी बंद पडला की लगेच कॉम्प्रेसर गेला असं मानू नका. कधी नुसता फ्यूज किंवा रिले गेलेला असतो, कधी क्लचची कॉइल जळते, तर कधी गॅस कमी झाल्यानं कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतंय, ती गळती आधी शोधायला लावा. कॉम्प्रेसर आतून झिजला असेल तर मात्र लाइन धुणं, ड्रायर, व्हॉल्व्ह, कंडेन्सर यांचं काय करणार, ते कागदावर लिहून घ्या. गॅस भरण्यापूर्वी पंप लावून आतली हवा काढली का, तेही विचारा. जुने भाग परत मागा. २०२५ च्या सप्टेंबरपासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला आहे, आधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. तेव्हा जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागा. आणि थंडी-पावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरत राहतं, सील सुकत नाही.

काम झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी मुद्दाम एसी पूर्ण सोडला. पिरनवाडीपर्यंत बाबा गप्प होते. मग मागून आवाज आला, "जरा कमी कर रे, थंडी वाजते."

इतका समाधानानं मी एसी कधीच कमी केला नव्हता.