सामना गोव्यात, कुटुंब गाडीत

कोल्हापूरला फुटबॉलचे वेड नवे नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालमी समोरासमोर आल्या की अर्ध्या शहराची दुपार तिथेच जाते. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि पेठेतल्या पोरांना मोठ्या मैदानाचे स्वप्न पडू लागले. त्या स्पर्धेचे काही सामने मडगावच्या फातोर्डा मैदानावरही झाले होते. इंडियन सुपर लीगमधला एफसी गोवा हा संघही याच मैदानावर खेळतो. त्यामुळे 'शनिवारी मडगावला सामना आहे, गाडी काढू या, आईलाही घेऊ, पोरांना समुद्र दाखवू' असे बेत आता अनेक घरांत शिजू लागले आहेत.

बेत उत्तमच आहे. आजी, नातवंडे, सून आणि मुलगा यांनी एका बाकावर बसून एकाच संघासाठी ओरडावे, यासारखे मनाचे टॉनिक नाही. पण तिकिटे, कपडे आणि खाऊ यांची यादी करताना शरीराचा विचार यादीत सर्वांत शेवटी येतो, कधीकधी येतच नाही.

कागल, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी या वाटेने मडगाव अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. घाट, वाहतूक आणि थांबे धरले तर साडेपाच-सहा तास सहज जातात. म्हणून निघण्याआधी थोडे वैद्यकीय गणित मांडू या.

खरा धोका परतीच्या वाटेवर

सुपर लीगचे बरेचसे सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि साडेनऊच्या सुमारास संपतात. गर्दीतून वाट काढत, गाडी शोधून रस्त्याला लागेपर्यंत साडेदहा वाजतात. 'खोलीचे भाडे कशाला? रात्री रस्ता मोकळा असतो, पहाटे घरी पोहोचू' असे कोणीतरी म्हणतेच. सगळ्या सहलीतला सर्वांत घातक निर्णय हाच.

शनिवारी पहाटे साडेपाचला उठून ज्याने गाडी चालवत आणली, तो रात्री साडेदहाला सलग १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला हा चालक मेंदूच्या दृष्टीने मर्यादा ओलांडूनच घाटाकडे निघतो. सलग २४ तास जागरण झाले की हाच आकडा १०० मिलिग्रॅमच्या घरात जातो.

त्यात शरीराच्या घड्याळाची भर पडते. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत मेंदूची झोपेची ओढ सर्वांत प्रबळ असते. दुपारी दोन ते चार या वेळेतही एक छोटी लाट येते. या वेळी येणारी डुलकी कळतही नाही. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंदांत गाडी सुमारे ९० मीटर पुढे जाते. फुटबॉलच्या भाषेत सांगायचे तर आपल्या गोलरेषेपासून थेट समोरच्या पेनल्टी बॉक्सपर्यंत, आणि तेही गोलरक्षक झोपलेला असताना.

खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, गालात तंबाखू ठेवणे या उपायांनी झोप जात नाही, फक्त ती गेल्यासारखी वाटते. चहा-कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून फारच पेंग आली तर सुरक्षित जागी गाडी थांबवून कॉफी प्यावी आणि लगेच १५-२० मिनिटे डोळे मिटावेत. उठताना कॉफीही कामाला लागलेली असते. पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे. रात्रीच्या झोपेला पर्याय नाही.

२० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला सुपर लीगचा अंतिम सामना होता. केरळ ब्लास्टर्सला पाठिंबा द्यायला मलप्पुरमहून दुचाकीवर निघालेले दोन तरुण वाटेतच, कासारगोड जिल्ह्यात, ट्रकशी झालेल्या अपघातात गेले. त्यांनी सामना पाहिलाच नाही. खेळाचा उत्साह माणसाला अंतर विसरायला लावतो, रस्ता मात्र काहीच विसरत नाही.

मद्याचा हिशेब सकाळीही उरतो

गोव्यात गेल्यावर काही मंडळी 'एखादा' पेग घेणार, हे डॉक्टरने नाकारून उपयोग नाही. पण हिशेब माहीत हवा. आपले यकृत रक्तातील मद्य साधारण ताशी १५ मिलिग्रॅम या ठरलेल्या गतीनेच कमी करते. आंघोळ, लिंबूपाणी किंवा कडक कॉफी ती गती वाढवत नाही. मध्यरात्री पातळी १२० असेल, तर सहा तासांत ९० कमी होऊन सकाळी सहाला ती नेमकी ३० च्या रेषेवर येते. त्याआधी निघालेला माणूस 'मी तर झोपून उठलोय' म्हणत कायद्याने आणि शरीरानेही नशेतच असतो. ज्याला रविवारी गाडी चालवायची आहे, त्याने शनिवारी रात्री सोलकढीवर समाधान मानावे.

मांडीवरचे मूल

गाडीत जागा कमी पडली की धाकटे मूल पुढे बसलेल्याच्या मांडीवर जाते. 'मी घट्ट धरते' असे आई किंवा आजी मनापासून म्हणते. येथे भौतिकशास्त्र निष्ठुर आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. एवढी ताकद कोणत्याही मातेच्या हातात नसते. शिवाय समोरची एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली आहे, तिच्यासमोर बाळाचे डोके असते.

म्हणून मुले मागेच बसवावीत. लहानग्यांना त्यांच्या वयाच्या आसनात, मोठ्यांना पट्ट्यात. मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांनाही पट्टा हवाच. न बांधलेला मागचा माणूस धडकेत पुढच्यावर जाऊन आदळतो आणि दोघांचेही नुकसान करतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार पट्टा न लावल्यास आणि १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षित न बसवल्यास १,००० रुपये दंड आहे. अर्थात, दंड ही यातली सर्वांत स्वस्त शिक्षा आहे. झेंडा फडकवण्यासाठी सनरूफमधून मुलाला बाहेर काढणे तर कटाक्षाने टाळावे.

घाटात गाडी लागते ती का?

आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. आंबोलीच्या वळणांवर ती मेंदूला सांगते, 'आपण हलतोय.' डोळे मात्र मोबाइलच्या पडद्यावर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात. ते सांगतात, 'आपण स्थिर आहोत.' या भांडणातून मळमळ सुरू होते. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो.

उपाय साधे आहेत. घाटात मोबाइल बंद, नजर दूरच्या डोंगररेषेवर, काच थोडी खाली. घाटाआधी पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंबही नको. तांबडा-पांढरा रस्सा चापून आंबोली उतरायला घेणे म्हणजे आपणहून संकट ओढवणे. इडली, केळे, कोरडी भाकरी असे हलके खावे. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळायला हरकत नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच औषधांनाही हाच नियम लागू आहे. दोन वर्षांखालील बाळांना प्रोमेथाझिन देऊ नये.

आजी-आजोबांची पिशवी

वारंवार लघवीला लागेल म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळी गाळणारे, आणि स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारे, असे दोन्ही प्रकारचे ज्येष्ठ घराघरांत असतात. स्त्रियांमध्ये पाणी टाळण्याचे प्रमाण जास्त. परिणाम म्हणून चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि गोव्याच्या दमट हवेत थकवा. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. चूक ज्येष्ठांची नाही, थांबे आधी न ठरवणाऱ्यांची आहे. आजरा आणि सावंतवाडी असे दोन थांबे निघण्याआधीच ठरवावेत, तिथे बरे स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवावे आणि आजीला तसे सांगावे. मग ती पाणी पिईल.

दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालणे सर्वांनाच गरजेचे आहे. चार तासांपेक्षा जास्त सलग बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसले आहे. मूळ धोका कमी असला, तरी अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, गर्भवती स्त्रिया, कर्करोगाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

मधुमेहींनी जेवणाची वेळ सामन्यावर सोडू नये. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवण लांबले, तर साखर घसरते. हात थरथरणे, घाम, गोंधळलेपण दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये. उन्हात बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते. याच कारणाने झोपलेले मूलही 'दोन मिनिटांसाठी' गाडीत ठेवायचे नाही.

मैदानातले हृदय

२००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना मोजल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या आणि सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत सर्वाधिक. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. याचा अर्थ अँजिओप्लास्टी झालेल्या आजोबांनी घरी बसावे असा नाही. त्यांनी त्या दिवशीची एकही गोळी चुकवू नये, जिने सावकाश चढावेत, धूम्रपान टाळावे आणि डॉक्टरांनी दिली असल्यास जिभेखालची गोळी खिशात ठेवावी. पिशव्या आत नेता येतीलच असे नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर 'सामना संपू दे' म्हणू नये.

कोणी कोसळले आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ किंवा ११२ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे येते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन भर मैदानात कोसळला, तेव्हा याच दाबाने आणि विजेच्या झटक्याने तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळला. रस्त्यावर अपघात दिसला तरीही थांबा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

लहान मुलांच्या कानांचाही विचार करा. १०० डेसिबलचा आवाज १५ मिनिटांपेक्षा जास्त कानांना सोसवत नाही. ढोल आणि भोंग्यांपासून दूरची जागा घ्यावी. कापूस फारसा उपयोगी नाही, औषधांच्या दुकानातले कानातले बोळे बरे.

बेत असा आखा

शुक्रवारी रात्री चालकाने दहाच्या आत झोपावे. बॅगा भरण्याचे काम त्याचे नाही. शनिवारी सकाळी सहाला निघून दुपारी एकपर्यंत मडगाव गाठावे, म्हणजे दुपारच्या पेंगेच्या वेळी स्टिअरिंग हातात नसेल आणि तासभर झोपही मिळेल. शक्य असल्यास दोन चालक असावेत. रात्री तिथेच मुक्काम. रविवारी न्याहारी करून नऊला निघालात, की चहाच्या वेळेपर्यंत घरी.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पहाटे येणाऱ्या नातेवाइकांकडून आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो, 'आता तासाभराचाच रस्ता राहिला होता.' म्हणून खर्चाचा क्रम थोडा बदला. सामन्याची तिकिटे काढण्याआधी रात्रीची खोली ठरवा. खोली परवडत नसेल, तर रेल्वेने जा किंवा तो सामना घरी, टीव्हीवर, सगळे मिळून पाहा. पुढच्या हंगामातही सामने असणारच आहेत.