‘तुला भूक लागली’ म्हणजे नेमकी कुणाला?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक जण सव्वादोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तो तिचा पदर ओढून म्हणाला, “तुला भूक लागली.” भूक लागली होती त्याला! आम्ही सगळ्या हसलो, पुन्हा म्हणायला लावलं. पोर आईच्या मागं लपलं ते बैठक संपेपर्यंत बोललं नाही. आमचं आम्हालाच वाईट वाटलं. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

भाकरीला कुणीही भाकरीच म्हणतं. ‘मी’ हा शब्द तसा नाही. आई म्हणते तेव्हा ‘मी’ म्हणजे आई, आजी म्हणते तेव्हा आजी. मुलाला मात्र दिवसभर ऐकू येतं, “तुला पाणी हवं? तुला झोप आली?” मग ‘तू’ हे आपलंच नाव, असं त्याला वाटतं. त्यात आपणही “आई आलीच हं,” “आजी देते,” असं बोलतो. ‘मी’ त्याच्या कानावर पडायचा कसा?

काही मुलगे “मी येते” म्हणतात. आई-आजीच्या तोंडून तेच ऐकतात ना! वडील, काका, आजोबा यांनी मुलाशी रोज गप्पा मारल्या, की त्याच्या कानावर ‘येतो’ही पडतं.

मग करायचं काय? “चुकलास” म्हणू नका, हसू नका. त्याच्या छातीवर हात ठेवून त्याच्या वतीनं म्हणा, “मला भूक लागली,” आणि लगेच खायला द्या. म्हणून दाखवल्याशिवाय देणार नाही, असा हट्ट नको. केळ्याचे तुकडे वाटताना म्हणा, “हा मला, हा तुला, हा ताईला.” चेंडू खेळताना, “आता माझी पाळी, आता तुझी.” मोठी माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यालाही जवळ बसवा. ‘मी’ कोण आणि ‘तू’ कोण, हे ते ऐकूनही शिकतं. मोबाइल नुसता बोलत राहतो, मुलाचं ऐकून उत्तर देत नाही.

दोन-अडीच वर्षांपर्यंत असा घोळ होऊ शकतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांचा तो आपोआप सुटतो. पण दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं “दूध दे” असे दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर वाट पाहू नका. तीन वर्षांनंतरही ‘मी-तू’चा घोळ तसाच असेल तरी दाखवून घ्या. “मुलगे उशिरानंच बोलतात” यावर विसंबू नका. कधी कधी मुलाला नीट ऐकूच येत नसतं. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून तपासून घ्या. लवकर कळलं तर उपाय लवकर सुरू होतात.

आणि हो, त्या दिवशी आम्ही हसलो, तसं तुम्ही हसू नका. मूल बोलायला धजावलंय, त्याला बोलू द्या.