नदी, कोट आणि जुने घर

चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दक्षिणेला पठाणपुरा दरवाज्यापलीकडे दोघींचा संगम. या बेचक्यात गोंड राजांनी शहर वसवले आणि त्याभोवती सुमारे ११ किलोमीटरचा दगडी कोट घातला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे व पाच खिडक्या असलेला हा कोट शत्रूसाठी होता, तसाच पुराच्या पाण्यालाही त्याचा आडोसा होता. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यावरची झाडेझुडपे काढायला घेतली, तेव्हा शहराला आपला कोट पुन्हा दिसू लागला. कोटालगतच्या जुन्या घरांकडे मात्र अजून तसे कोणी पाहिलेले नाही. त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो: पाडायचे की राखायचे?

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही, कारण अशा घरावरून दोन रेषा जातात. पहिली पुरातत्त्व खात्याची. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर हे नियम अधिक कडक झाले. मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती वा नूतनीकरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. म्हणजे पाडलेले घर पुन्हा उभे राहीलच असे नाही, पण उभे असलेले घर सुधारता येते. दुसरी रेषा नदीची. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवर. वर्धेला पूर आला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूरकरांनी हे पुन्हा अनुभवले.

म्हणून नदीकाठच्या घराचे नूतनीकरण रंगाच्या डब्यापासून नव्हे, पाण्यापासून सुरू करावे लागते. माती-विटांची किंवा चुन्यात बांधलेली जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि वाऱ्यावर सोडून देते. चुन्याचा गिलावा तिला ही मोकळीक देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, क्षार फुटतात, पोपडे निघतात, आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजू लागतात. घरमालक म्हणतो, घर जुने झाले. खरे तर घर गुदमरलेले असते. यावर उपाय म्हणजे सिमेंट खरवडून चुना आणि सुरखीचा गिलावा पुन्हा करणे. ते काम सावकाश सुकते, म्हणून पावसाळा सरल्यावर हाती घ्यावे.

लाकडाची गोष्ट तर आपल्या घरचीच. आलापल्लीचे सागवान देशभर नावाजलेले आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच जंगलांतले सागवान गेले. आणि इथे मात्र जुन्या घरातली सागवानी चौकट काढून ॲल्युमिनियमची खिडकी बसते! तुळईचे एक टोक सडले म्हणून सगळी तुळई टाकून द्यावी लागत नाही. सडका भाग कापून तेवढाच सागवानी जोड देणारे सुतार असतात. त्यांना शोधावे लागते, एवढेच.

मग आजच्या माणसाला हवे ते स्वयंपाकघर, न्हाणीघर, वातानुकूलन यांचे काय? ते हवेच. ४७ अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात वारसा जपा म्हणून कुणाला घामाघूम ठेवता येणार नाही. पण नव्याने जुन्यावर भार टाकू नये, आणि उद्या काढता यावे, हा दंडक पाळावा. न्हाणीघर लाकडी पाटणीवर न नेता मागच्या अंगणाकडे वेगळ्या पायावर घ्यावे. विजेचे बोर्ड आणि फ्रीज माहीत असलेल्या पूरपातळीच्या वर ठेवावेत. खालच्या मजल्यावर भिंतीत ठोकलेली कपाटे नकोत; उचलता येणारे फर्निचर असावे. छताला जिप्समचे खोटे आढे लावले की गळती आणि वाळवी दोन्ही नजरेआड होतात. त्यापेक्षा वासे उघडे ठेवून कवेलूंखाली उष्णतारोधक थर द्यावा. सपरी काचेने बंद करू नये. नदीवरचा वारा घरात येतो तो तिथूनच.

याचा एक मोठा दाखला काशीत आहे, आणि त्याचे मूळ आपल्या बाजूचे आहे. चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते, त्या काळात, १८१२ मध्ये, नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी गंगेच्या घाटावर दगडी वाडा बांधला. घाटाला मुन्शी घाट हे नाव त्यांच्यावरूनच पडले. १९१५ मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला. त्यांनी घाटावरून वर येण्यासाठी हाताने चालणारी लिफ्ट बसवली, असे सांगतात. आज तिथे हॉटेल आहे. दगड जुना, स्नानगृहे नवी. गंमत अशी की महाराजांच्या काळी नवलाईची असलेली ती लिफ्ट आता वाड्याच्या इतिहासात मोजली जाते.

आपल्या मार्कंडादेवलाही वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून त्याला विदर्भाची काशी म्हणतात. पण नदीकाठी राहण्याची रीत देवळांइतकीच घरांतही असते. जोते किती उंच, ओल कुठून जाते, पाणी आले तर काय आधी उचलायचे, हे त्या घराला ठाऊक असते. घर पाडले की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते, आणि पुढचा पूर ती पुन्हा पहिल्यापासून शिकवतो. म्हणून यंदा घराला रंग काढण्याआधी एकदा भिंतीला हात लावून पाहावा. ओल असेल, तर ती कुठून येते ते आधी शोधावे. रंग नंतर निवडता येईल.