खूण कोणी केली?

डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला नकळत फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीच्या, बातम्यांमध्ये १३ प्रकारांची यादी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांमधली. तरीही परवा कोल्हापूरचं बसचं तिकीट काढताना एकूण रकमेत पंधरा रुपये जास्त दिसले. वर जाऊन पाहिलं, तर प्रवास विम्याच्या चौकटीत आधीच टिक होती. मी ती काढली आणि खालचा आकडा लगेच उतरला. पान पुन्हा लोडसुद्धा झालं नाही.

तेवढ्यात आत काय घडलं? चौकटीतली खूण बदलली की ब्राउझर ‘चेंज’ नावाचा इव्हेंट, म्हणजे बदल झाल्याची सूचना, उठवतो. जावास्क्रिप्टचा कोड त्याच्याकडे कान लावून बसलेला असतो. तो चौकटीची ‘चेक्ड’ ही स्थिती तपासतो आणि बेरीज नव्याने मांडतो. माऊसने टिचकी मारा, शेजारच्या मजकुरावर बोट टेकवा किंवा कीबोर्डवरून स्पेसबार दाबा, ‘चेंज’ उठतोच. दिसायला देखणी म्हणून काही जण मूळ चौकटीऐवजी नुसतं चित्र ठेवतात आणि फक्त टिचकीकडे लक्ष देतात. तिथे स्पेसबार चालत नाही, अंध ग्राहकाचा स्क्रीन रीडरही गप्प राहतो. हा निष्काळजीपणा मला अक्षम्य वाटतो.

पण खरी गोम पुढे आहे. कोडने परस्पर ‘चेक्ड’ ही स्थिती बदलली, तर टिक दिसते, ‘चेंज’ मात्र उठत नाही. पान तयार करतानाच टिक लिहून ठेवली असेल, तरीही नाही. कोडकडून तो उठवून घेता येतो, पण ते मुद्दाम करावं लागतं. म्हणजे माणसाच्या हातची खूण आणि दुकानदाराने करून ठेवलेली खूण यांतला फरक ब्राउझरला ठाऊक असतो. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ला ‘प्लॅनेट४९’ खटल्यात नेमकं याच फरकावर बोट ठेवलं. या जर्मन कंपनीने २०१३मध्ये ऑनलाइन सोडत काढली होती आणि कुकीजच्या परवानगीची चौकट आधीच भरून ठेवली होती. ग्राहक संघटनांचा महासंघ कोर्टात गेला. आधीच केलेली टिक म्हणजे संमती नव्हे, असा निकाल लागला. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमतीसाठी स्पष्ट होकारार्थी कृती लागते. कृती! नुसतं गप्प राहणं त्यात बसत नाही.

आता सर्व्हरकडे काय पोचतं ते पाहा. फॉर्म पाठवला की टिक असलेली चौकट आपली ‘व्हॅल्यू’ पाठवते. ती ठरवून दिलेली नसेल तर नुसतं ‘ऑन’. रिकामी चौकट काहीच पाठवत नाही. त्यामुळे मी विचार करून टिक केली की माझ्या नजरेतून ती सुटली, हे कंपनीच्या नोंदीत कुठेच उरत नाही. दोन्हीकडे ‘ऑन’. उद्या वाद झाला, तर हीच नोंद माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल.

म्हणून माझा आग्रह आहे: पैशाची किंवा संमतीची प्रत्येक चौकट रिकामीच उघडावी आणि ग्राहकाने ती बदलली की ‘चेंज’ची वेळ नोंदली जावी. त्यासाठी कोडच्या चार ओळी पुरतात. एवढी नोंद दाखवता आली नाही, तर ते पंधरा रुपये कंपनीने परत करावेत.