वसईचा किल्ला : चिमाजीअप्पांच्या मुत्सद्देगिरीची साक्ष

वसई गावातून किल्लाबंदराकडे जाणारा रस्ता थेट किल्ल्यातूनच जातो. तटबंदी, ओस पडलेली चर्च, दर्या दरवाजा, नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ आणि चिमाजीअप्पांचा पुतळा, हे सारे एका फेरीत पाहून होते. इथे येणाऱ्याच्या मनात बहुधा एकच गोष्ट असते : किल्ला हाती येत नसेल तर निदान माझे मस्तक तरी तोफेने आत पडेल असे करा, असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका. तिने एक शूर सेनापती लोकांच्या मनात अजरामर केला, पण त्याच्यामागचा राजकारणी झाकून टाकला. वसईचा विजय जितका सुरुंगांचा तितकाच तहाचा आहे, आणि अप्पांची खरी उंची मोजायची तर ती त्या तहावरूनच मोजावी लागते.

बाळाजी विश्वनाथांचा हा धाकटा मुलगा. थोरले बाजीराव उत्तरेत स्वाऱ्यांवर असत तेव्हा साताऱ्याचा दरबार, पैशाची तजवीज आणि कोकणचे राजकारण बऱ्याच अंशी अप्पाच सांभाळत. पोर्तुगीज अमलातल्या धर्मछळाची गाऱ्हाणी अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिकांनी पेशव्यांपर्यंत पोहोचवली होती. १७३७ मध्ये ठाणे घेतले गेले. वसई मात्र दोन वर्षे झुंजत राहिली. मे १७३९ मध्ये सुरुंगांनी तटाला खिंडार पडले आणि १६ मे रोजी किल्लेदार काएतानु द सौझा परेरा याने शरणागतीच्या कलमांवर सही केली. ती कलमे नीट पाहावीत. शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडण्याची मुभा होती. नागरिकांना कुटुंबकबिला आणि चीजवस्तू नेण्यासाठी आठ दिवसांची मुदत होती. मागे राहतील त्यांना धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य होते. ग्रँट डफच्या नोंदीप्रमाणे मराठ्यांची पाच हजारांहून अधिक माणसे या वेढ्यात मेली किंवा जखमी झाली होती. एवढी किंमत मोजलेल्या सैन्याच्या सेनापतीने सूड न घेता कलमे लिहून द्यावीत, हे सहज घडणारे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, ही उदारता नव्हती, निकड होती. आक्षेपात तथ्य आहे. पावसाळा तोंडावर आला होता, दिल्लीत नादिरशहा शिरला होता आणि बाजीरावांना फौज हवी होती. पण निकड ओळखून तिच्या मापाने अटी बेतणे, यालाच तर मुत्सद्देगिरी म्हणतात. दुसरा आक्षेप चर्चच्या घंटांचा. वसई मोहिमेत आणलेल्या घंटा मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहेत. त्या लूटच होत्या आणि ते झाकण्यात अर्थ नाही. तरीही वसईच्या गावागावांतला मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज अमल बदलल्यानंतरही आपल्या धर्मासह इथेच राहिला, ही घंटांहून मोठी साक्ष आहे. तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : वेढ्याच्या काळात पोर्तुगीजांना दारूगोळा पुरवणाऱ्या मुंबईकर इंग्रजांशी अप्पांनी त्याच वर्षी जुलैत व्यापाराचा करार का केला? एक शत्रू हटवताना दुसरा अंगावर घ्यायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. पुढे इंग्रज डोईजड झाले त्याचा दोष १७३९ च्या कागदावर टाकणे म्हणजे नंतरच्या साठ वर्षांतल्या चुका माफ करणे होय.

याच वसईतले आणखी दोन तह शेजारी ठेवले की फरक कळतो. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने हुमायूनच्या धास्तीने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. होळकरांकडून हडपसरला हरलेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. दोघांनी भीतीपोटी सह्या केल्या आणि सार्वभौमत्वाचा तुकडा गमावला. अप्पांनी मात्र वरचढ असताना तह केला, आणि तोही संयमाने. डिसेंबर १७४० मध्ये, बाजीरावांपाठोपाठ काही महिन्यांतच, ते वारले. त्यामुळे त्यांच्यातला राजकारणी पुरता दिसलाच नाही. वसई रोड स्थानकावर उतरून किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी बुरूज जरूर पाहावेत; पण १६ मेची कलमे वाचून जावे. पराक्रमाच्या जोडीला विवेक असला की विजय कसा टिकतो, ते त्या कागदाइतके स्पष्ट इथला कोणताही दगड सांगत नाही.